नवनगरांचा कायदा

शहरे बहुधा कोणी वसवीत नाही. ती वसत जातात. नदीचा उतार, व्यापाराची वाट, किल्ल्याचा आश्रय किंवा रेल्वेचे स्थानक लाभले म्हणजे वस्ती जमते, वाढते आणि पुढे तिला आवर घालणे कोणाच्याच हाती राहत नाही. राजेरजवाड्यांनी आपल्या राजधान्या आखून वसविल्या हे खरे. पण कामकरी माणसांसाठी, त्यांची घरे आणि त्यांचे कारखाने एकाच आखणीत बसवून, कायद्याच्या बळावर एकामागून एक नगरे उभारावीत, ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये झालेला नवनगरांचा कायदा हे तिचे सर्वांत मोठे उदाहरण होय. १ ऑगस्ट १९४६ रोजी त्याला राजाची संमती मिळाली.

या कायद्याचे बीज मात्र जुने होते. एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थांनी १८९८ साली एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. हे गृहस्थ वास्तुशिल्पी नव्हते. पार्लमेंटमधील भाषणे लघुलिपीत टिपून घेणे हा त्यांचा व्यवसाय होता. शहराची गर्दी आणि खेड्याचे एकाकीपण या दोहोंवर त्यांनी ‘उद्यान-नगर’ हा उपाय सुचविला. सहा हजार एकर जमीन घ्यावी, तिच्यापैकी एक हजार एकरांवर नगर वसवावे आणि उरलेली शेतीसाठी राखावी. लोकवस्ती सुमारे बत्तीस हजारांवर जाऊ देऊ नये. पण त्यांच्या योजनेचे मर्म बागांत नव्हते, जमिनीच्या मालकीत होते. ओसाड माळावर शहर उभे राहिले की जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते. ही वाढ कोणा एका मालकाच्या श्रमाने होत नाही; तेथे येऊन राहणाऱ्या सर्वांमुळे होते. मग तिचा लाभही सर्वांना का मिळू नये? जमीन नगराच्या विश्वस्तांकडे राहावी आणि वाढत्या भाड्यातून रस्ते, शाळा, दवाखाने चालावेत, असे हॉवर्ड यांचे म्हणणे होते.

या विचारातून १९०३ साली लेचवर्थ आणि १९२० साली वेलविन ही दोन नगरे उभी राहिली. पण खाजगी भांडवलावर चालणारे हे काम फार धीमे होते. दरम्यान लंडन चोहोंबाजूंनी पसरत गेले. युद्धात बॉम्बवर्षावाने हजारो घरे जमीनदोस्त झाली आणि पुनर्रचनेचा प्रश्न दारात येऊन उभा राहिला. १९४४ साली पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी बृहत् लंडनची योजना सादर केली. शहराभोवती मोकळ्या जमिनीचा हरित पट्टा राखावा आणि त्यापलीकडे नवी नगरे वसवून दाटीतील लोकांना तेथे न्यावे, असे तिचे सूत्र होते. १९४५ साली मजूर पक्षाचे सरकार आले. ब्रिटिश नभोवाणीचे पहिले महासंचालक लॉर्ड रीथ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून नगररचना खात्याचे मंत्री लुईस सिल्किन यांनी विधेयक मांडले.

कायद्याची रचना साधी पण प्रभावी होती. मंत्र्याने एखादा प्रदेश नवनगरासाठी मुक्रर करावा. हरकती मागवून जाहीर चौकशी करावी. आणि आदेश कायम झाला की त्या नगरापुरते एक विकास महामंडळ नेमावे. महामंडळाला जमीन सक्तीने संपादन करण्याचा अधिकार होता. घरे, रस्ते, दुकाने, कारखान्यांचे गाळे, सारे तेच बांधणार. पैसा सरकारी तिजोरीतून साठ वर्षांच्या मुदतीच्या कर्जाने मिळे. आरंभी पाच कोटी पौंडांची तरतूद होती. मात्र महामंडळाचे सभासद मंत्र्याने नेमलेले असत, लोकांनी निवडून दिलेले नसत. कायद्याचे सामर्थ्य याच तरतुदीत होते, आणि त्याचे दुखणेही.

हे दुखणे पहिल्याच नगराच्या वेळी उघड झाले. लंडनच्या उत्तरेस सुमारे तीस मैलांवर स्टीव्हनेज हे सहा-सात हजार वस्तीचे गाव होते. तेथे साठ हजारांचे नगर करावयाचे ठरले. ६ मे १९४६ रोजी, म्हणजे विधेयकावर पार्लमेंटमध्ये चर्चा होण्याच्या दोनच दिवस आधी, सिल्किन स्वतः गावात सभेला गेले. लोकांनी त्यांची हुर्यो उडविली. ओरडून काही लाभ नाही, ही गोष्ट होणारच, असे मंत्र्यांनी बजावले. ते परत निघाले तेव्हा त्यांच्या मोटारीच्या चाकांतील हवा गेलेली होती आणि पेट्रोलच्या टाकीत वाळू पडलेली होती. पुढे रेल्वे स्थानकावर गावाच्या नावाऐवजी ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी झळकली. घर आणि शेत जाणार असलेल्या माणसांनी रशियन हुकूमशाहीकडे बोट दाखवून काढलेला तो राग होता.

प्रकरण न्यायालयात गेले. मंत्र्यांनी निर्णय आधीच ठरविला होता, तेव्हा नंतरची चौकशी हा केवळ देखावा ठरतो, असा रहिवाशांचा युक्तिवाद होता. पहिल्या न्यायालयाने तो मानला; वरच्या न्यायालयाने फेटाळला. १९४७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अखेरचा निवाडा दिला. मंत्र्याचे हे काम न्यायाधीशाचे नसून कारभाराचे आहे. त्याने चौकशी करवून अहवालाचा विचार केला म्हणजे त्याचे कर्तव्य पुरे झाले, असा त्याचा आशय होता. रहिवासी हरले आणि नगराची वाट मोकळी झाली.

१९५० पर्यंत अशी चौदा नगरे मुक्रर झाली. त्यांपैकी आठ लंडनभोवती होती. पाच-दहा हजार वस्तीचा एकेक शेजार, त्याच्या मध्याशी प्राथमिक शाळा आणि दुकाने, कारखाने एका बाजूला, अशी सामान्यतः आखणी असे. नगरातील कारखान्यात काम मिळालेल्या माणसाला घर देण्याची पद्धत ठेवल्याने घर आणि रोजगार यांची सांगड बसली. लंडनच्या अंधाऱ्या, सामाईक न्हाणीघरांच्या खोल्यांतून आलेल्या कुटुंबांना स्वतंत्र घर, बाग आणि नळाचे गरम पाणी मिळाले. त्याचबरोबर आईबापांपासून, शेजारणींपासून तुटलेल्या तरुण गृहिणींचे एकाकीपणही याच नगरांतून बोलले जाऊ लागले. घरे लवकर बांधता येतात. शेजार जमण्यास मात्र एक पिढी जावी लागते.

जमिनीच्या वाढलेल्या किमतीचे काय झाले? महामंडळांच्या हातची जमीन आणि इमारती हळूहळू मोलाच्या ठरल्या. पण हॉवर्ड यांच्या कल्पनेप्रमाणे ती मालमत्ता नगरवासीयांच्या हाती आली नाही. १९५९ च्या कायद्याने, पुऱ्या झालेल्या नगरांची मालमत्ता सांभाळण्यासाठी एक मध्यवर्ती आयोग ठरविण्यात आला. १९८० नंतर सरकारचे धोरण पालटले. दुकाने, कारखान्यांचे गाळे, मोकळी जमीन विकली गेली आणि रक्कम सरकारी तिजोरीत गेली. नगरांकडे जुने होत चाललेले रस्ते आणि चौक तेवढे उरले. याउलट लेचवर्थची मिळकत आजही एका स्थानिक प्रतिष्ठानाकडे असून तिचे उत्पन्न त्याच नगरावर खर्च होते.

हा सारा इतिहास मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात नवनगरासाठी प्रदेश मुक्रर करण्याची आणि विकास प्राधिकरण नेमण्याची तरतूद आली. १९७० साली सिडको स्थापन झाले आणि खाडीपलीकडील पंचाण्णव गावांच्या परिसरात नवी मुंबई उभी राहू लागली. तेथेही जमीन संपादन करून तिच्या वाढत्या किमतीतून शहर बांधावे, हेच सूत्र होते. आणि तेथेही, ज्यांची भातशेती व मिठागरे गेली त्यांनी आपला वाटा कोठे, असा प्रश्न विचारला. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन भूमिपुत्रांना परत देण्याची योजना आली.

ब्रिटनच्या कायद्याने एक गोष्ट निःसंशय सिद्ध केली. जमीन एका हाती असेल तर सामान्य माणसांसाठी नीटनेटके शहर उभारता येते आणि त्याचा खर्चही भागविता येतो. आज त्या देशात वीस लाखांहून अधिक लोक अशा नगरांत राहतात. परंतु जमीन देणाऱ्याचे म्हणणे केव्हा ऐकावयाचे आणि वाढलेले मोल अखेर कोणाच्या पदरात टाकावयाचे, हे दोन प्रश्न त्या कायद्याने मोकळे ठेवले. नवे शहर आखणाऱ्याने त्यांची उत्तरे जमीन मोजण्यापूर्वीच लिहून ठेवली पाहिजेत. नंतर ती लोकांना रस्त्यावर उतरून मागावी लागतात.