रुग्णवाहिकेची अधिस्वीकृती : कसोटी कोणाची?

रुग्णवाहिकेच्या अधिस्वीकृतीसारख्या कोरड्या, कारभारी विषयावर या पृष्ठांतून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. ज्या वस्तीत मी वाढलो तेथे आजारी माणसाला बाजेवर घालून चौघे जण मोठ्या रस्त्यापर्यंत नेत आणि गाडीची वाट पाहत उभे राहत. गाडी किती वेळात येईल हे कोणालाच ठाऊक नसे. ती उशिरा आली तर जाब कोणाला विचारायचा, हेही ठाऊक नसे. उशिराची नोंद कोठेच होत नसे, आणि ज्याची नोंद नाही तो अन्याय सिद्ध करता येत नाही. अधिस्वीकृतीचा प्रश्न माझ्या लेखी येथून सुरू होतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. परवाना आणि अधिस्वीकृती या भिन्न गोष्टी आहेत. परवाना ही किमान अट. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. अधिस्वीकृती म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, अगोदर जाहीर केलेल्या कसोट्यांवर, ठरावीक मुदतीने संपूर्ण सेवेची केलेली तपासणी. महाविद्यालयांची नॅककडून तपासणी होते, तशातलाच हा प्रकार. अमेरिकेत रुग्णवाहिका सेवांसाठी असा आयोग १९९० मध्ये स्थापन झाला. त्याची अधिस्वीकृती ऐच्छिक असते आणि तीन वर्षांसाठी मिळते. सेवेने आधी आत्मपरीक्षण करून कागदपत्रे सादर करायची. मग परीक्षक प्रत्यक्ष येऊन कागदावरचे आणि जागेवरचे जुळते की नाही ते पाहतात.

परंतु कसोटी ही गोष्ट आपल्यासाठी निरागस नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'पात्रता' या शब्दाने आपल्याला दाराबाहेर ठेवले. म्हणून कसोटीचे स्वागत करण्यापूर्वी पिट्सबर्ग शहराची हकिकत सांगणे मला अगत्याचे वाटते.

१९६६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ या एका वर्षात १ लाख ७ हजार माणसे अपघाती इजांनी मेली होती. देशातील रुग्णवाहिका सेवेपैकी सुमारे निम्मी सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक देत होते, कारण निजलेला माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडे असे. म्हणजे जिवंताला दवाखान्यात आणि मेलेल्याला दफनभूमीत नेणारी गाडी बहुधा एकच! पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांच्या गाड्या करीत. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोलीस म्हणजे काय, हे त्या वस्तीला पुरते ठाऊक होते. आजारी माणसासाठीही पोलिसांना बोलावण्याची तेथे अनेकांना भीती वाटे.

या वस्तीत १९६७ साली 'फ्रीडम हाऊस' रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. फिलिप हॅलन यांनी पैशाची तजवीज केली आणि कृत्रिम श्वसनावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या डॉ. पीटर सफार यांनी शिक्षणक्रम आखला. सफार यांची मुलगी १९६६ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली होती. त्यांनी निवडलेली माणसे बहुतेक त्याच वस्तीतली, बेकार म्हणून हिणवली गेलेली कृष्णवर्णीय माणसे. त्यांना सुमारे ३०० तासांचे शिक्षण मिळाले. १९७२ च्या एका पाहणीत असे आढळले की, अत्यवस्थ रुग्णांना योग्य उपचार देण्याचे या सेवेचे प्रमाण ८९ टक्के होते. पोलिसांचे ३८ आणि स्वयंसेवी रुग्णवाहिकांचे १३ टक्के. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी या माणसांबरोबर काम करीत जो अभ्यासक्रम तयार केला, तो साऱ्या देशासाठी नमुना ठरला.

आणि मग काय झाले? १९७५ साली नगरप्रशासनाने ही सेवा बंद करून स्वतःची सेवा सुरू केली. फ्रीडम हाऊसच्या माणसांना सामावून घेण्याचे ठरले होते. परंतु नव्या परीक्षा लावण्यात आल्या, जुने गुन्हे उकरून काढण्यात आले, कित्येकांना उपचाराच्या कामावरून हलविण्यात आले. देशाला ज्यांनी धडा घालून दिला त्यांतले बहुतेक जण काही वर्षांतच बाहेर फेकले गेले. ज्यांच्या कामावरून देशाची कसोटी तयार झाली, त्यांनाच कसोटीच्या नावाने नापास करण्यात आले.

या हकिकतीतून कसोटीच नको, असा निष्कर्ष काढणे मला चूक वाटते. तेथे तपासणी झाली ती नोकराची. सेवेची तपासणी कोणी केली नाही. प्रशिक्षित माणसे काढल्यावर हिल डिस्ट्रिक्टमध्ये गाडी किती मिनिटांत पोहोचते, हे पाहण्याचे बंधन नगरप्रशासनावर कोणी घातले नव्हते. अधिस्वीकृतीचा खरा उपयोग असा की ती बोट वरच्या दिशेने वळवते. परीक्षा द्यायची ती संस्थेने आणि तिच्या कारभाऱ्यांनी.

हे फायदे नेमके कोणते? पहिला, वेळेची नोंद. फोन केव्हा आला, गाडी केव्हा निघाली, केव्हा पोहोचली, हे लिहून ठेवावे लागते आणि ते परीक्षकाला दाखवावे लागते. दुसरा, गाडीची तयारी. प्राणवायूचे नळकांडे भरलेले आहे की नाही, औषधांची मुदत संपली आहे काय, हे दररोज तपासून सही करावी लागते. रुग्ण गाडीत घातल्यावर नळकांडे रिकामे निघणे हा मग 'नशिबाचा भाग' राहत नाही. तिसरा, उपचाराची तपासणी. झालेले उपचार वैद्यकीय अधिकाऱ्याने मागाहून पडताळायचे आणि चुकीतून सर्वांनी शिकायचे. चौथा, कर्मचाऱ्यांचे हित. त्यांचे सततचे शिक्षण आणि सुरक्षितता यांची जबाबदारी संस्थेवर येते. पाचवा, तक्रार. ती कोणाकडे करायची आणि तिचे काय झाले, याचा कागद राहतो.

वेळेच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. सरासरी हा फसवा आकडा आहे. दवाखान्याजवळच्या नऊ घरी गाडी ५ मिनिटांत आणि दूरच्या एका वस्तीत ४५ मिनिटांत पोहोचली, तरी सरासरी ९ मिनिटे निघते आणि कारभारी खूश होतात. म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांनी वेगळी अट घातली : शंभरातल्या ९० ठिकाणी गाडी ८ मिनिटे ५९ सेकंदांच्या आत पोहोचली पाहिजे. ही अट अधिक चांगली. पण माझा प्रश्न उरलेल्या दहांविषयी आहे. ते दहा दर वेळी एकाच वस्तीतले असतील तर? तेव्हा नोंद वॉर्डवार, वस्तीवार मागितली पाहिजे. गावकुसाबाहेरचा माणूस टक्केवारीतही कुसाबाहेरच राहू शकतो.

आपल्याकडे १०८ क्रमांकाची सेवा आंध्र प्रदेशात २००५ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्यासाठी ९३७ गाड्या होत्या. शिवाय महानगरपालिकांच्या आणि रुग्णालयांच्या आपापल्या गाड्या असतात. गाडी असणे ही मोठीच गोष्ट आहे, ती मी नाकारीत नाही. परंतु गाड्यांची संख्या हे सेवेचे माप नव्हे. गाडी कोणाच्या दारापर्यंत जाते आणि आत काय असते, हे खरे माप.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी असा इशारा दिला होता की, घटनेचा एकही शब्द न बदलता केवळ प्रशासनाचे रूप बदलूनही घटना विकृत करता येते. कारभाराचा तपशील घटनेत का घातला, याचे समर्थन त्यांनी त्या आधारे केले. आपण मात्र हक्काच्या मोठ्या शब्दांवर मोर्चे काढतो आणि तपशील कारकुनावर सोडून देतो. जगण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात आहे. पण मध्यरात्री तो नोंदवहीच्या एका रकान्यात, प्राणवायूच्या काट्यावर आणि गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलेल्या गाडीत असतो.

म्हणून माझी सूचना अशी की, आपल्या वस्त्यांतील मंडळांनी आणि संघटनांनी नगरपालिकेकडे दोन गोष्टी मागाव्यात. एक, रुग्णवाहिका सेवेची बाहेरच्या परीक्षकांकडून नियमित तपासणी आणि तिचा जाहीर अहवाल. दोन, त्या अहवालात वस्तीवार वेळांचा तक्ता. आणि ही कसोटी लावताना आपल्यातल्या चालकाला, परिचारकाला बळी दिले जाणार नाही, शिक्षण देऊन त्याला उभे केले जाईल, ही अट त्याच अर्जात लिहावी. पिट्सबर्गच्या माणसांना हा कागद मिळाला नाही. आपण तो मागून घेतला पाहिजे.