धर्म न विचारणारा ज्यू संगीताचा पुरस्कार

वाद्यवृंदासाठी नवे लिहिणाऱ्या संगीतकाराची खरी अडचण पहिल्या प्रयोगाची नसते, दुसऱ्याची असते. वादकांचा ताफा, तालमी, सभागृह असा सगळा खर्च करून रचना एकदा वाजते; मग तिची स्वरलिपी कपाटात जाते. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात २०१४ साली सुरू झालेले अझ्रिएली संगीत पुरस्कार हे दुखणे ओळखून बेतलेले आहेत.

पुरस्कारामागचा पैसा बांधकाम व्यवसायातला. पोलंडमध्ये जन्मलेले डेव्हिड अझ्रिएली युद्धकाळात युरोपातून निसटले, १९५४ साली मॉन्ट्रियलला आले आणि बडे विकासक झाले. तेल अवीवमधले गोल, त्रिकोणी आणि चौकोनी असे तीन मनोरे त्यांच्याच नावाने ओळखले जातात. १९८९ मध्ये त्यांनी अझ्रिएली फाउंडेशन स्थापन केले. संगीत पुरस्कारांची कल्पना मात्र त्यांच्या कन्येची, शॅरन अझ्रिएली यांची. त्या स्वतः सोप्रानो गायिका आहेत आणि सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणाऱ्या हझानही.

या पुरस्कारांत ज्यू संगीतासाठी दोन दारे आहेत. एक आधीच लिहून झालेल्या रचनेसाठी. दुसऱ्यासाठी संगीतकाराने फक्त प्रस्ताव आणि आपले पूर्वीचे काम पाठवायचे. निवड झाली की मोबदला घेऊन नवी रचना लिहायची. विजेत्याला पन्नास हजार कॅनेडियन डॉलर मिळतात. शिवाय मॉन्ट्रियलमध्ये जाहीर मैफल, पुढे परदेशांत आणखी प्रयोग आणि ध्वनिमुद्रण. रोख रकमेपेक्षा हा मागचा भाग मोलाचा, कारण कपाटात जाऊ पाहणारी स्वरलिपी तोच बाहेर ठेवतो.

अर्जदाराला त्याचा धर्म विचारला जात नाही. ज्यू संगीत म्हणजे काय, हे त्यानेच आपल्या रचनेतून सांगायचे. त्यामुळे उत्तरे नाना तऱ्हेची आली. पहिल्या, म्हणजे २०१६च्या फेरीत ब्रायन करंट यांनी ‘झोहर’ या गूढवादी ग्रंथातल्या सात स्वर्गीय दालनांवर रचना केली. व्लाद मारहुलेत्स यांनी पूर्व युरोपातल्या लग्नघरांतले क्लेझमर संगीत क्लॅरिनेट कॉन्चेर्टोत आणले. २०१८ मध्ये केली-मरी मर्फी यांनी स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या सेफार्दी ज्यूंच्या गाण्यांतून हार्प आणि चेलोसाठी जोड-कॉन्चेर्टो घडवला. २०२२ चे विजेते इमान हबीबी मूळचे इराणचे. चौदाव्या शतकातल्या शाहीन या ज्यू कवीने हिब्रू लिपीत फारसी काव्य लिहिले. हबीबींनी ते गायकासाठी आणि वाद्यवृंदासाठी बांधले.

अशा प्रोत्साहनाची परंपरा जुनीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या टेंपल इमानुएल या सिनेगॉगचे हझान रूबेन रिंडर यांनी अर्नेस्ट ब्लॉख यांच्याकडून संपूर्ण शब्बाथ उपासना संगीतबद्ध करवून घेतली. काम हाती घेतल्यावर ब्लॉख आधी हिब्रू शिकले. १९३४ साली तूरिनमध्ये ही रचना पहिल्यांदा सादर झाली. न्यूयॉर्कच्या पार्क अव्हेन्यू सिनेगॉगने चाळिसाच्या दशकात लेनर्ड बर्नस्टाइन, कुर्ट वाइल अशांकडून प्रार्थना संगीतबद्ध करवून घेतल्या. मात्र ती मागणी उपासनेची होती. अझ्रिएली पुरस्काराने ती सभागृहात आणली आणि विषय श्रद्धेपुरता न ठेवता इतिहास, भाषा, स्थलांतर यांनाही खुला केला.

उणीव आहेच. दोन वर्षांतून एकदा, मोजक्या विजेत्यांना, तेही एका कुटुंबाच्या तिजोरीतून. अशा आधारावर कुठल्याही देशाचे संगीतजीवन उभे राहत नाही. तरीही पैशाबरोबर प्रयोगांची हमी देण्याची ही रीत इतर पुरस्कारांनी उचलावी अशीच आहे.

आपल्याकडे तर तयार साहित्य पडून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोकण-मुंबईतल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा मराठी चालींत गायला सुरुवात केली. जाणकार आता थोडेच उरले आहेत. अझ्रिएली पुरस्कारांच्या ज्यू संगीताच्या स्पर्धेला देश, धर्म, वय यांची अट नाही. मराठी तरुण संगीतकारांनी त्या कीर्तनांच्या छापील पोथ्या शोधाव्यात, जाणत्यांकडून चाली शिकून घ्याव्यात आणि मॉन्ट्रियलला प्रस्ताव पाठवावा.