बंद पडलेलं मॉडेल, चालू असलेला दमा

आषाढातला पाऊस आणि सासूबाईंचा दमा हे दोन पाहुणे आमच्या अलोऱ्यात बरोबरच मुक्कामाला येतात. गेल्या पावसाळ्यात असंच झालं. रात्रीचे दहा वाजलेले, आईंना धाप लागलेली. नेब्युलायझर काढला, कपात औषध घातलं आणि झाकण फिरवताना कपच तडकला. मशीन आपलं घरघर करतंय, पण मास्कमधून वाफ काही येईना. शेवटी भर पावसात गाडी काढून चिपळूण गाठलं. आई सावरल्या, पण तो रस्ता मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कपाच्या शोधात निघाले. पहिल्या दुकानात ऐकलं, ‘‘वहिनी, हे मॉडेल कंपनीने बंद केलं. नवीनच घ्या.’’ दुसऱ्या, तिसऱ्या दुकानातही तेच. मशीन धडधाकट, आणि मूठभर प्लास्टिकसाठी ते टाकून द्यायचं? जीव होईना. बरं, ‘उद्या बघू’ म्हणायचीही सोय नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा औषधांची दुकानंही बुडाली होती. पावसाळ्यात आमच्याकडे घरात असेल तेवढंच आपलं.

वाट दाखवली ती शेजारच्या काकांनी. कोयना प्रकल्पातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, ‘‘अगं, इथलं तिसऱ्या टप्प्याचं वीजघर सत्तरच्या दशकातलं. भाग झिजतात, बदलतात, काम चालूच राहतं. पण कुठल्या भागाचा नंबर काय, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. तुझ्या मशीनचा नंबर कुठाय?’’ मला कुठं माहीत! त्यांनी मशीन उलटं केलं. खालच्या पट्टीवर मॉडेल नंबर होता, हवेचा दाब होता, मिनिटाला किती लिटर हवा येते तेही होतं. इतकी वर्षं मी ती पट्टी फक्त पुसत होते!

पट्टीचा फोटो आणि तडकलेला कप घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नीट समजावलं. मशीन हवा ढकलतं. ती कपातल्या बारीक छिद्रातून जोरात निघते आणि औषधाचे अगदी बारीक कण करते. कण साधारण एक ते पाच मायक्रॉनचे असले तरच खोल श्वासनळ्यांत पोचतात, मोठे झाले तर घशातच राहतात. म्हणून कप आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा चालू शकतो, पण मशीनच्या दाबाशी आणि हवेशी जुळतो का, हे जाणकाराकडून बघून घ्यायचं. फिल्टर मात्र त्या मॉडेलला नेमून दिलेलाच हवा. एका वहिनींनी मला फिल्टरच्या जागी कापूस घालायला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘‘चुकूनही नको. हवा अडेल, तंतू आत ओढले जातील.’’

श्वासाच्या वाटेतला भाग किती नाजूक असतो, हे मोठ्या कंपन्यांनाही कळलंय. जून २०२१ मध्ये फिलिप्सने झोपेत श्वासाला मदत करणारी लाखो मशीनं परत बोलावली, कारण आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची भीती होती. तिथे आपण घरी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन काय बसणार!

अखेर पुण्याच्या एका विक्रेत्याने नंबर विचारून जुळणारा कप पाठवला. मी दोन मागवले.

मैत्रिणींनो, हे नेब्युलायझरपुरतं नाही. साखर तपासायच्या मशीनच्या पट्ट्या मिळेनाशा झाल्या, तर दुसऱ्या मॉडेलच्या घालून बघू नका. आकडा चुकला तर औषध चुकेल. तिथे मशीनच बदलावं. बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाला लहान पडला, तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. पाऱ्याचं जुनं मशीन फुटलं, तर घरी दुरुस्ती मुळीच नको, पारा विषारी असतो. आणि नवीन घेताना किमतीआधी विचारा, ‘‘याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील?’’

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चारच क्षेत्रं घेतली होती. दम्याचं मशीन त्यात नव्हतं. तरी विकताना फसवणूक झाली असेल, तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दम्याच्या बऱ्याच झटक्यांत स्पेसर लावून घेतलेला पंपही नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. त्याला ना वीज लागते, ना कप. किती आणि कसा घ्यायचा, ते त्यांनी आईंसमोर बसून शिकवलं आणि त्यानेही धाप उतरली नाही, तर घरी थांबू नका, असं बजावलं.

आता आमच्या देवघराशेजारी एक वही टांगलेली असते. तिच्यात मशीनचा नंबर, भागांचे नंबर, विक्रेत्याचा फोन. परवा ढग दाटून आले तशा आई म्हणाल्या, ‘‘सुनबाई, लोणच्याच्या बरण्या बघितल्यास. माझा कप बघितलास का?’’

बघितला होता. दोन्ही!