पंढरपूरला जाता, मंगळवेढ्याला थांबता का? दामाजी, चोखोबा, कान्होपात्रेच्या गावाची गोष्ट

सोलापूरहून सांगोल्याकडे जाताना सुमारे ५५ किलोमीटरवर मंगळवेढा लागते. इथून पंढरपूर जेमतेम २५ किलोमीटर. त्यामुळे बहुतेक गाड्या न थांबता पुढे निघतात. मात्र पंढरपूरच्या मंदिराशी असलेल्या दोन समाध्या मंगळवेढ्याच्या माणसांच्या आहेत. एक मंदिराच्या आत, दुसरी बाहेर. या आत-बाहेरमध्ये मोठा इतिहास दडला आहे.

मंगळवेढा राजधानी होती?

होय. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक असलेले कलचुरी इथून कारभार पाहत. पुढे ११५७च्या सुमारास बिज्जल राजाने थेट कल्याणीची, म्हणजे आजच्या बसवकल्याणची सत्ता हाती घेतली. महात्मा बसवेश्वर याच बिज्जलाच्या पदरी होते. मंगळवेढ्यात हिशेबनीस म्हणून त्यांनी काम सुरू केले आणि नंतर ते मंत्रिपदापर्यंत पोहोचले.

दामाजीपंतांनी नेमके काय केले?

पंधराव्या शतकात मंगळवेढा बहामनी राजवटीत होते. दामाजीपंत इथले अधिकारी. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. परवानगीशिवाय धान्य वाटल्याबद्दल बिदरहून त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. परंपरा सांगते की, विठ्ठलच विठू महाराच्या रूपात बिदरला गेला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन आला. गावातील दामाजी मंदिर आणि तालुक्यातील साखर कारखान्याचे नाव ही आठवण जपतात.

चोखोबा बाहेर, कान्होपात्रा आत

संत चोखामेळा यांचे वास्तव्य मंगळवेढ्यात होते. १३३८ मध्ये गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली गाडल्या गेलेल्या मजुरांत चोखोबाही होते. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या नामदेवांनी पंढरपूरला नेल्या, असे सांगितले जाते. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. हयातीत त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांच्या समाजासाठी हे दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये. म्हणजे चोखोबांच्या मृत्यूनंतर तब्बल ६०९ वर्षांनी.

कान्होपात्रा मंगळवेढ्याच्या शामा नावाच्या गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवला, अशी कथा आहे. तिची समाधी मंदिराच्या आवारात आहे. १९३१ मध्ये ‘संत कान्होपात्रा’ नाटकातून बालगंधर्वांनी तिला रंगभूमीवर आणले.

किल्ला कुणाचा?

गावातल्या भुईकोट किल्ल्याचे आता अवशेष उरले आहेत. पुरंदरच्या तहानंतर १६६५ च्या अखेरीस मिर्झाराजे जयसिंगांच्या विजापूर मोहिमेत शिवाजी महाराजांच्या फौजेने मंगळवेढा घेतले. पुढे हा भाग पटवर्धनांच्या सांगली संस्थानात गेला. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तो तिथेच होता.

ज्वारी इतकी प्रसिद्ध का?

इथली काळी, खोल जमीन पावसाची ओल महिनोन्महिने धरून ठेवते. त्या ओलीवर रब्बीत मालदांडी ज्वारी पिकते. भाकरी मऊ आणि गोडसर होते, कडबाही चांगला मिळतो. २०१६ मध्ये मंगळवेढा ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

पण हे सगळे पावसाच्या भरवशावर. तालुक्याच्या दक्षिण भागातील गावे शेतीच्या पाण्यासाठी अनेक वर्षे आंदोलने करत आली आहेत. दुष्काळात कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांच्या गावाला पाण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

जाताना काय पाहाल?

दामाजी मंदिर, किल्ल्याचे अवशेष आणि काशीविश्वेश्वर मंदिर अर्ध्या दिवसात आरामात पाहून होतात. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर हुरडाही मिळेल. नंतर पंढरपूर गाठा आणि रांगेत उभे राहण्याआधी महाद्वारासमोर दोन मिनिटे थांबा. मंगळवेढ्याची अर्धी गोष्ट तिथे आहे.