मूठ एक, पाती डझनभर

हल्ली गल्लीतला न्हावी दाढीला बसवलं की आधी ब्लेडचं पाकीट फोडतो, पातं मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात सरकवतो. माझ्या लहानपणी वस्तरा एकच असे. चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा उलटसुलट फिरवला की पुढचं गिऱ्हाईक. एड्सची धास्ती आली आणि तो पट्टा भिंतीवरून उतरला. डेन्व्हरला मुलीकडे गेलो असताना शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये हीच अदलाबदल पुन्हा दिसली. फक्त प्रकरण दाढीचं नव्हतं, एल्कचं होतं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या पुढे जातो. कोलोरॅडोत परवाना काढून त्याची शिकार करता येते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरात, रायफलचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आगेमागे. (आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं हा विषय मिटवला, आणि बरंच झालं.) जनावर पडलं की शिकाऱ्याची खरी मेहनत सुरू होते. गाडी मैलोन् मैल दूर, आणि कातड्याखालची ऊब लवकर उतरली नाही तर हाडाजवळचं मांस नासायला लागतं. म्हणून जागच्या जागी सोलायचं, फरे वेगळे करायचे आणि पाठीवर मारून खाली आणायचं. त्या दोन-तीन तासांत हातात सुरी कुठली हवी, यावर तिथल्या शिकाऱ्यांत दोन तट आहेत.

टेबलावर दोन्ही तटांचे वकील हजर होते. एक होती बक कंपनीची ११९ नंबरची सुरी: सहा इंची अखंड पातं, काळी मूठ. होईट बक हा कॅन्ससमधला लोहाराच्या हाताखालचा उमेदवार. १९०२ साली त्यानं झिजलेल्या कानशींपासून सुऱ्या घडवल्या, आणि पुढे त्याच घराण्याची कंपनी उभी राहिली. आपला लोहार ट्रकच्या कमानपाट्यातून कोयता काढतो, तीच जात. दुसरी हॅवलॉनची पिरान्टा, खिशात मावेल एवढी. तिचं पातं शस्त्रक्रियेच्या पात्याच्या कुळातलं, कागदाइतकं नाही तरी त्याच्या वाटेवरचं, आणि बोथटलं की फेकायचं. जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं १९०४ साली. मूठ आणि पातं वेगळं असलेला डॉक्टरांचा चाकू मॉर्गन पार्करनं १९१५ साली आणला. तीच कल्पना न्हाव्याकडून डॉक्टरकडे आणि डॉक्टरकडून रानात गेली.

धार मांसानं फारशी जात नाही. ती जाते केसांत अडकलेल्या मातीनं. माजावर आलेला नर एल्क चिखलात लोळतो, त्यामुळे त्याचं कातडं म्हणजे जवळजवळ सँडपेपर. जाणता शिकारी एक छेद घेतो, टोक कातड्याखाली घालतो आणि आतून बाहेर कापत जातो. केस कापले न जाता बाजूला होतात. ही युक्ती ज्याला येते त्याची साधी सुरीही एक जनावर सहज काढते. ज्याला येत नाही तो अर्ध्या वाटेत दगड शोधत बसतो, किंवा नवं पातं चढवतो. बदलत्या पात्याची सगळी मोहिनी इथेच आहे: थंडीनं बोटं आखडलेली, अंधार पडत आलेला, आणि दहा सेकंदांत कोरी धार.

मग सांधे येतात. पुढचा पाय धडाला हाडानं जोडलेलाच नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो. काखेतून पातं फिरवलं की फरा हातात येतो. तिथे पातळ पातं लोण्यासारखं चालतं. मागच्या पायाला मात्र खुब्याचा गोळा खोबणीत बसलेला असतो, आतून एका चिवट दोरीनं बांधलेला. ती तोडायला टोक खोबणीत घालून मनगट जरा वळवावं लागतं, आणि पातळ पात्याला हे वळणंच सोसत नाही. ते वाकत नाही, कट्कन मोडतं. मोडलेला तुकडा रक्तामांसात शोधणं म्हणजे शिक्षा, आणि न सापडलेला तुकडा ताटात येण्याची भीती वेगळीच. अखंड सुरीचं पोलाद साधारण ५६ ते ६० रॉकवेलपर्यंत कडक केलेलं असतं. याहून जास्त पाणी चढवलं तर धार टिकेल, पण पातं तडकेल. कमी चढवलं तर उलट. घडवणारा हा तोल पात्याच्या जाडीतही सांभाळतो, म्हणून त्याची सुरी थोडी पिरगाळ सहन करते. आउटडोअर एजच्या रेझरलाइटसारख्या सुऱ्यांत बदलत्या पात्याच्या पाठीला पोलादी आधार दिलेला असतो. मधला मार्ग बरा आहे, पण खुब्यात घालायला मी तरी तिच्यावर भरवसा ठेवणार नाही.

शेजाऱ्याच्या अंगठ्यावर एक पांढरी रेघ आहे. जनावर कापताना नव्हे, चरबीनं बुळबुळीत झालेलं पातं उघड्या बोटांनी काढताना पडलेली. आता तो चिमटा बरोबर नेतो.

बदलत्या पात्याच्या बाजूनं एक वजनदार मुद्दा मात्र या शतकात आला. हरणांना होणारा क्षयकारी आजार, ज्याला तिकडे सीडब्ल्यूडी म्हणतात, पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ साली, कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सजवळच्या बंदिस्त हरणांत. त्याला कारण जंतू नाही, प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन. ते उकळून मरत नाही आणि पोलादाला चिकटून राहतं. माणसाला त्याची लागण झाल्याचा पुरावा नाही, तरी बाधित जनावर खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. माँटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की ४० टक्के घरगुती ब्लीचच्या द्रावणात पाच मिनिटं ठेवलं तर पोलादाच्या पृष्ठभागावरचे प्रिऑन निकामी होतात. त्याआधी मांसाचा कण न् कण घासून काढावा लागतो, कारण ब्लीच आत शिरत नाही. वर ब्लीच पोलादाला डागही पाडतं. पातं टाकून देता आलं तर निम्मी कटकट संपते. मूठ पुसायची राहतेच.

मला विचाराल तर, एकच न्यायची असेल तर अखंड सुरी आणि खिशात धारेचा छोटा दगड. दोन नेता येत असतील तर कातड्याला पातळ, सांध्याला जाड. वजनाचा हिशेब करणारे इथे नाक मुरडतात, पण पिरान्टा ७० ग्रॅमच्या आसपास. १५ किलोंच्या पिशवीत तेवढ्यानं पाठ मोडत नाही.

शेजाऱ्याच्या पिशवीत आणखी एक वस्तू होती, गोळ्यांची रिकामी बाटली. वापरलेली पाती त्यात जमा होतात. काही लोक ती रानातच टाकून येतात, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या तरी कुत्र्याच्या पंजात ती सापडतात, असं तो सांगत होता. त्याचा कुत्रा टेबलाखाली झोपला होता.