रंगमंचावर नसलेला माणूस

नाटकाला जायचं म्हणजे दोन अंक, मध्यंतरातला बटाटेवडा आणि जाहिरातीत पाहिलेला एखादा ओळखीचा चेहरा, असं आपल्याकडे ठरून गेलं आहे. नाशिकमध्ये अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या, सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याकडे राहणाऱ्या माणसाला एवढी संध्याकाळ हाताशी लागणं अवघड. सेकंड शिफ्ट असेल तर नाटकाची तिसरी घंटा होते तेव्हा तो मशिनवर असतो, आणि फर्स्ट शिफ्ट असेल तर शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिरापर्यंत जाऊन रात्री परत यायचं आणि पहाटे पुन्हा उठायचं. तरीही कामगारांची नाटकाशी ओळख नाही असं मुळीच नाही. 1953 मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांसाठी नाट्यस्पर्धा घेत आलं आहे, आणि दिवसभर लेथवर उभा राहून रात्री तालमीला जाणारा नट आपल्याकडे नवलाचा नाही. एकांकिका, दीर्घांक, एकपात्री हे छोटे प्रकार या आयुष्यात सहज बसतात. अडचण वेगळीच आहे. मराठीत छोटं नाटक भरपूर लिहिलं जातं, भरपूर सादरही होतं, पण ते बघायचं कसं हे आपण स्पर्धेकडून शिकलो, आणि स्पर्धेनं आपल्याला परीक्षकासारखं बघायला लावलं.

पुण्यातला पुरुषोत्तम करंडक 1963 पासूनचा. चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’मध्ये इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका 25 जानेवारीच्या रात्री एकामागून एक होतात आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट नाट्यगृहातच उजाडते. ‘लोकसत्ता’ची लोकांकिका 2014 मध्ये आली आणि नाशिकसारख्या केंद्रांवरच्या मुलांना आणखी एक व्यासपीठ मिळालं. या स्पर्धा नसत्या तर मराठी एकांकिका केव्हाच अभ्यासक्रमाच्या पुस्तकात जाऊन बसली असती, हे आधीच मान्य करून टाकतो. पण एका दिवसात पाच-सहा प्रयोग पाठोपाठ बघणाऱ्याच्या डोक्यात राहणार काय? शेवटचा धक्का, एकदम विझलेले दिवे, खणखणीत टाळीचं वाक्य, दहाजणांची कवायतीसारखी हालचाल. लिहिणाऱ्यालाही ते कळतं. मग एकांकिका शेवटापासून उलट बांधली जाते. धक्का आधी ठरतो, माणसं नंतर शोधली जातात. 2022 मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही, तेव्हा बराच गदारोळ झाला. मुलांवर अन्याय झाला की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण त्या चर्चेत प्रेक्षकाला कोणी काही विचारलं नाही, कारण स्पर्धेतला प्रेक्षक म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या प्रयोगाची वाट बघणारा दुसरा संघच असतो.

मग साध्या प्रेक्षकानं बघायचं काय? माझं उत्तर एकच आहे: बोलणारा कोणाशी बोलतोय ते शोधायचं. छोट्या नाटकाला ओळख करून द्यायला वेळ नसतो, तीन पिढ्यांचा इतिहास सांगायला अंक नसतो. जे काही आधी घडून गेलं आहे ते सगळं बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्यातच साठवावं लागतं. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे ‘दिवाकर’, यांना हे 1911 च्या सुमारासच उमगलं होतं. इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांवरून त्यांनी नाट्यछटा घडवली. पानभराच्या त्या मजकुरात एकच माणूस बोलतो, पण समोर कोणीतरी असतं, ते विचारतं, अडवतं, हसतं, आणि त्याची उत्तरं आपल्याला ऐकू येत नाहीत. ती बोलणाऱ्याच्या पुढच्या वाक्यातून ओळखायची. पुढे आपण नाट्यछटा शाळेच्या स्नेहसंमेलनाला देऊन टाकली आणि लहान मुलांच्या हातवाऱ्यांत ती बिचारी अडकली, पण मराठी एकपात्री लेखनाचं सगळं व्याकरण तिच्यात आहे.

हे व्याकरण कसं चालतं ते एका कल्पित तुकड्यात बघू. समजा, एक माणूस बाकड्यावर बसून फोनवर बोलतोय. “हॅलो, साहेब… नाही नाही, पैशासाठी नाही केला फोन… हो, उद्या येतो ना, येतोच… हात? हात बराय… नाही, डाव्याच हाताचं, उजव्याचं काय नाय झालं… दोनच… नाही साहेब, घरी सांगितलं, पडलो म्हणून… हो, तेच सांगितलं सगळ्यांना… तेवढं नाव नका काढू रजिस्टरमधून.” प्रेस मशिनवर बोटं गेली हे वाक्य यात कुठेच नाही. अपघाताची नोंद झालेली नाही, माणूस कंत्राटावर आहे, साहेबानं काय बोलायचं ते शिकवून ठेवलं आहे, हे सगळं आपण पलीकडच्या न ऐकू येणाऱ्या प्रश्नांवरून जुळवतो. अंबडमधल्या प्रेक्षकाला ते पुण्यातल्या प्रेक्षकाच्या आधी कळेल, कारण पलीकडचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. आता हाच माणूस प्रेक्षकांकडे तोंड करून, मागे करुण बासरी सोडून, “माझी दोन बोटं या यंत्रानं खाल्ली!” असं म्हणाला, तर टाळी नक्की पडेल. पण प्रेक्षकाला करायला काही काम उरणार नाही.

ऐकणाऱ्याचं नसणंही लेखकाला वापरता येतं. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (1967) अभिरूप खटल्यातला न्यायाधीश बेणारेबाईंना बचावासाठी दहा सेकंद देतो. त्या दहा सेकंदांत भोवतालची माणसं गोठून उभी राहतात आणि बाई कितीतरी मिनिटं बोलतात. बोलणं संपतं तेव्हा कोर्टाच्या हिशोबात त्या गप्पच राहिलेल्या असतात. म्हणजे हे स्वगत कोणीही ऐकलेलं नाही, आणि त्यातली भीषणता बेणारेंच्या शब्दांइतकीच या न ऐकण्यात आहे. ते मूळ नाटकातून उपटून अभिनयस्पर्धेत केलं जातं तेव्हा हे गोठलेले लोक जातात आणि मागे उरतं ते एका दुःखी बाईचं भाषण. नाशिकच्या कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’चंही तसंच. 23 डिसेंबर 1970 ला रंगभूमीवर आलेल्या या नाटकातली स्वगतं आता गणेशोत्सवापासून टीव्हीवरच्या ऑडिशनपर्यंत कुठेही ऐकू येतात. पण गणपतराव बेलवलकर नाटकात हवेत बोलत नाहीत. आधी बायको कावेरी असते, शेवटी बूटपॉलिशवाला राजा असतो, आणि त्या दोघांच्या मधे पोटच्या मुलांचं न ऐकणं असतं. ते वजा करून उरतो तो आवाज. दमदार असेल, पण फक्त आवाज. सॅम्युअल बेकेटनं ‘क्रॅप्स लास्ट टेप’मध्ये (1958) हा प्रश्न टोकाला नेला. एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा टेपरेकॉर्डरवर स्वतःचाच तीस वर्षांपूर्वीचा आवाज ऐकत बसतो. बोलणारा आणि ऐकणारा एकच, आणि दोघांचं मुळीच पटत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. एकांकिका ही मोठ्या नाटकाची तालीम आहे, लेखक तिच्यावर हात बसवतो आणि पुढे जातो, मग तिचं एवढं कौतुक कशाला? नाशिकचंच उदाहरण समोर ठेवलं जाईल. प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती, स्पर्धांत गाजली, आणि 2017 च्या अखेरीला भद्रकाली प्रॉडक्शन्सनं तिचं दोन अंकी संगीत नाटक करून व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. पुढे त्याचे पाचशे प्रयोग झाले. पण हे उदाहरण नीट बघितलं तर माझ्याच बाजूनं साक्ष देतं. नाटक मोठं झालं म्हणून त्यात उपकथानकं शिरली नाहीत, विनोदी नोकर आला नाही, विठ्ठल स्वतः येऊन बोलला नाही. तुकोबांची आवली आणि लखुबाईच्या रूपात तिची शुश्रूषा करायला आलेली रखुमाई, एवढ्या दोनच बायका राहिल्या. दोघींचं भांडण ज्यांच्याशी आहे ते दोघेही, एकीचा डोंगरावर बसलेला नवरा आणि दुसरीचा विटेवरचा, समोर नाहीत. तेव्हा दोघी एकमेकींशी बोलतात ते पुष्कळदा त्या गैरहजर माणसांना ऐकवण्यासाठी. ही ताकद एकांकिकेच्या काटकसरीतून आलेली आहे, दोन अंकांच्या ऐसपैसपणातून नाही. नाशिकचेच दत्ता पाटील पाणीटंचाईवर ‘हंडाभर चांदण्या’ लिहितात, तेही पूर्ण नाटक, पण त्यात भाषा मोजून वापरण्याची जी सवय दिसते ती छोट्या प्रकारात हात घासलेल्या लेखकाचीच वाटते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याच्याकडे नाक वर करून बघू नये. आठ तास उभं राहून आलेल्या माणसानं न ऐकू येणारे प्रश्न कशाला ओळखत बसावं? त्याला हसू द्या ना. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं बावन्न पात्रं उभी केली आणि खेड्यापाड्यांतल्या माणसांना पोट धरधरून हसवलं. त्या आधी पुलंनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं वसवली होती. खरंच आहे, आणि त्या प्रकाराची मजा निराळी. तिथे नट थेट आपल्याशी बोलतो, ऐकणारे आपणच असतो आणि गर्दी त्याच्या अंगात असते. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’मध्ये हीच थेट बोलण्याची रीत हसवण्यापलीकडे नेली, सावित्रीबाईंना समोरच्या बायकांशी बोलायला लावलं. तेव्हा तिथेही प्रश्न सुटत नाही: ऐकणारा कोण ते ठरलेलंच असतं, फक्त ती जागा आता प्रेक्षकाला दिलेली असते. आणि दमलेल्या माणसाबद्दल म्हणायचं तर, सुपरवायझर कोणत्या मूडमध्ये आहे हे त्याच्या अर्ध्या वाक्यावरून ओळखणारा माणूस दिवसभर हेच कसब वापरत असतो. नाटकात त्याला नवं काही शिकायचं नाही. उलट तीन तासांच्या कौटुंबिक नाटकात प्रत्येक गोष्ट तीनदा समजावून सांगितली जाते, त्याचाच कंटाळा जास्त येत असावा.

खरी अडचण बघण्याच्या कसबापेक्षा संहिता हाताशी नसण्याची आहे. महेश एलकुंचवारांची ‘सुलतान’ 1967 मध्ये ‘सत्यकथे’त छापून आली, ती वाचून विजया मेहतांचं लक्ष या नव्या लेखकाकडे गेलं, आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तेव्हा एकांकिका घरी, पाय पसरून, दोनदा वाचता येत होती. आज स्पर्धेतली एकांकिका दोन-चार प्रयोग करते आणि तिची संहिता झेरॉक्सच्या गठ्ठ्यात किंवा कोणाच्या तरी फोनमध्ये पडून राहते. दिवाळी अंकांत तिला क्वचितच जागा मिळते. एकदाच बघितलेल्या चाळीस मिनिटांतून धक्काच लक्षात राहणार, त्याच्या आधीची गाळलेली उत्तरं सापडायला मजकूर पुन्हा समोर हवा. परीक्षकाला तो मिळतो, प्रेक्षकाला नाही. नाशिकमध्ये तर 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृहही त्याच संस्थेचं आहे. शहरात होणाऱ्या स्पर्धांतल्या संहितांची एकेक प्रत, लेखकाच्या परवानगीनं, तिथल्या कपाटात ठेवायला फार तर एका रजिस्टरचा आणि बांधणीचा खर्च येईल.