मूठ तीच, आकडा वेगळा

किनवटच्या जंगलात कुऱ्हाड चालवलेल्या आजोबांचीही मूठ सत्तरीत सैलावते. ती मोजायला डायनामोमीटर असतो. दांडा आवळला की काटा किलोत जोर दाखवतो. पण बसून आवळायचा की उभं राहून? उभं असताना पाय, कंबर, खांदा सगळेच हात देतात, आकडा बहुधा चढतो. पलंगावर आडवं पडून तो उतरतो.

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८च्या ‘लासी’ पाहणीत पंचेचाळिशीपुढच्यांची मूठ देशभर मोजली. २०१९च्या आशियाई निकषानुसार पुरुषांत २८, बायकांत १८ किलोंखाली जोर गेला की स्नायू झिजल्याची शंका घेतात. तिथे किलोभराचा फरकही भारी पडतो. म्हणून बसून की उभं, कोपर वाकवून की सरळ, हे आकड्याशेजारी लिहून घ्या आणि पुढच्या खेपेला तसंच मोजायला सांगा.